बैलजोडीकडे पाठ : १९५७ची निवडणूक आणि महाराष्ट्रातील गावे

१९५७च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये देशाची दुसरी सार्वत्रिक निवडणूक झाली. मतपत्रिकेवर शिक्का मारण्याची पद्धत तेव्हा नव्हती. पडद्याआड प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र पेटी असे, पेटीवर त्याचे चिन्ह चिकटवलेले असे आणि मतदाराने मतपत्रिका आपल्या पसंतीच्या पेटीत टाकायची असे. १९५१च्या जनगणनेनुसार देशातील साक्षरता जेमतेम १८ टक्के होती. म्हणजे खेड्यातील निवडणूक ही प्रत्यक्षात चिन्हांची निवडणूक होती.

आणि काँग्रेसचे चिन्ह होते जू खांद्यावर घेतलेली बैलजोडी. बेंदराला ज्यांची शिंगे रंगवायची, ज्यांना पुरणपोळीचा घास भरवायचा, त्या बैलांकडे पाठ फिरवून दुसऱ्या पेटीकडे जा, असे शेतकऱ्याला सांगायचे होते. हे काम संयुक्त महाराष्ट्र समितीने अंगावर घेतले होते.

समितीची अडचण येथेच संपत नव्हती. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात स्थापन झालेली समिती हा पक्ष नव्हता, ती अनेक पक्षांची आघाडी होती. प्रजा समाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन, जनसंघ असे एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे लोक एका मागणीसाठी एकत्र बसले होते. त्यामुळे चिन्ह एक नव्हते. राजापुरात बॅरिस्टर नाथ पै यांची झोपडी, शेजारच्या रत्नागिरीत प्रेमजीभाई आसर यांचा दिवा, साताऱ्यात नाना पाटलांचे कणीस आणि विळा. मागणी एकच, पण मतदारसंघाची शीव ओलांडली की पेटीवरचे चित्र बदले. आज ही गोष्ट किरकोळ वाटते. तेव्हा ती गावोगाव, वाडीवाडीवर जाऊन शिकवावी लागत होती.

मुळात मुंबई कोणाला मिळावी, हा प्रश्न खेड्याचा कसा झाला? १६ जानेवारी १९५६ रोजी नेहरूंनी मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा केली. पुढे १ नोव्हेंबरपासून गुजरातसह विशाल द्वैभाषिक राज्य अस्तित्वात आले. आंदोलनात शंभरावर माणसे प्राणास मुकली, त्यांतील बहुतेक मुंबईत. परंतु मुंबईच्या गिरणीत उभा असलेला माणूस कोकणातला किंवा घाटावरचा होता. त्याची मनीऑर्डर गावी जात होती, त्याची बायकामुले गावी होती. अण्णाभाऊ साठे यांची ‘माझी मैना’ ही छक्कड याच ताटातुटीवर उभी आहे. स्वतः अण्णाभाऊ वाळवा तालुक्यातील वाटेगावचे, शाहीर अमर शेख बार्शीचे. खेड्यातून मुंबईला गेलेली ही माणसे गाणे घेऊन पुन्हा खेड्याकडे वळली. डफ-तुणतुण्याच्या साथीने सांगितलेली गोष्ट वाचता न येणाऱ्यालाही कळत होती.

तरीही केवळ गाण्यांनी मते पडली, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. समितीचे बळ होते ते आधीच नांगरून ठेवलेल्या जमिनीत. सातारा जिल्ह्यात सत्यशोधक जलशांनी खेड्याला सभेची सवय लावली होती. १९४३ ते १९४६ या काळात तेथेच प्रतिसरकार चालले. त्याची न्यायदान मंडळे आणि तुफान सेना लोकांच्या आठवणीत ताजी होती. फेटा-धोतरातले नाना पाटील उभे राहिले की गावाच्या बोलीत बोलत. त्यांना ओळख करून द्यावी लागत नसे. साताऱ्याने त्यांना लोकसभेत पाठवले.

ठाणे जिल्ह्यातील कथा आणखी बोलकी आहे. १९४५मध्ये गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठबिगारी आणि लग्नगडी पद्धतीविरुद्ध उठाव केला होता. १९५७मध्ये ठाणे हा दोन जागांचा मतदारसंघ होता. मतदाराला दोन मते असत, पण दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नसत. पाड्यावरच्या माणसाला हे समजावणे सोपे नव्हते. पण किसान सभेची माणसे बारा वर्षे त्या पाड्यांवर वावरत होती. शामराव परुळेकर आणि लक्ष्मण महादू मातेरा हे दोघेही निवडून आले. नाशिकमध्ये दादासाहेब गायकवाड विजयी झाले. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाला तेव्हा तीनच महिने झाले होते आणि फेडरेशनची माणसे त्या दुःखातच प्रचाराला उतरली होती.

जेथे असे जाळे विरळ होते, तेथे लाट पोहोचली नाही. मराठवाडा हैदराबाद राज्यातून येऊन जेमतेम चार महिने झाले होते. विदर्भात वेगळ्या राज्याची मागणी जोरात होती. या दोन्ही प्रदेशांनी आणि गुजरातने काँग्रेसला हात दिला, म्हणून द्वैभाषिकाची सत्ता टिकली. समितीच्या विजयाच्या कथा सांगताना हा नकाशा बहुधा दुमडून ठेवला जातो, हे योग्य नाही.

पश्चिम महाराष्ट्रात मात्र काँग्रेसची दाणादाण उडाली. मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण स्वतः बेचाळीसच्या भूमिगत चळवळीतले, सातारा जिल्ह्याच्याच मातीतले. घरच्या कराडमध्ये शेतकरी कामगार पक्षाच्या उमेदवाराने त्यांना अगदी थोडक्यात निसटू दिले.

त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला नेहरू प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याच्या अनावरणासाठी आले. वाई आणि पसरणीच्या घाटात रस्त्याच्या दुतर्फा समितीचे निदर्शक काळे झेंडे घेऊन उभे होते. द्वैभाषिक मोडण्याचा निर्णय दिल्लीत व्हायला त्यानंतरही दोन वर्षे लागली.