माराच्या पायाखालचा दगड

चिनी भाषेत सैतान म्हणजे 'मो'. जादूचे प्रयोग 'मोशू', रूबिकचा क्यूब 'मोफांग'. इतका मुरलेला हा शब्द मूळचा चिनी नाही. अजिंठ्याच्या 26 क्रमांकाच्या लेण्यात बुद्धावर सैन्यासह चालून आलेला जो 'मार' कोरला आहे, त्याचेच हे नाव. 'मृ' धातूतून आलेला, मरण आणणारा मार. बौद्ध ग्रंथांबरोबर तो चीनला गेला, तिथे दोन अक्षरांत लिहिला जाऊ लागला आणि पुढे त्यातले पहिलेच उरले. तेव्हा त्याचा उच्चार 'मा'च्या जवळचा होता. जपानीत तो अजून 'मा'च आहे; तिथला सैतान 'आकुमा'.

खरी गंमत त्या अक्षरात आहे. वर छपराखाली तागाची दोन रोपे: हा भाग 'मा' असा वाचतात, तो केवळ उच्चारापुरता. खाली भूत. पण जुन्या भाषांतरांत भुताच्या जागी दगड होता, म्हणजे जात्याचे, दळण्याचे अक्षर नुसत्या ध्वनीसाठी उसने घेतलेले.

दगड काढून भूत कोणी बसवले? आठव्या शतकातला थ्येनथाय पंथाचा आचार्य चानरान श्रेय देतो लियांग सम्राट वू याला (राज्यकाल 502 ते 549): मार माणसांना छळतो, तेव्हा त्याच्या अक्षरात भूतच हवे. सम्राट कडवा बौद्ध होता. मठाला त्याने स्वतःला वाहून टाकले आणि मंत्र्यांनी द्रव्य मोजून त्याला सोडवून आणले. असा माणूस अक्षरात हात घालेल, हे पटते.

तरीही मला हे श्रेय पुरते मान्य नाही. चानरान लिहितो तो सम्राटानंतर दोनशे वर्षांनी. शिवाय परका ध्वनी लिहिताना अर्थाची खूण जोडणे ही चिनी लेखनिकांची नेहमीची रीत. पोथी उतरवणाऱ्याला 'जाते' खटकणारच. भूत आधी लेखणीतून उतरले असावे आणि सम्राटाने त्यावर मोहोर उठवली असावी, असे माझे ठाम मत आहे. 986 मध्ये शू श्वानने जुन्या 'श्वोवन' कोशाची नवी प्रत सिद्ध केली, तेव्हा भुताचे हे अक्षर पुरवणीत घेतले, इ. स. 100 च्या मूळ कोशात ते नव्हतेच.

पुढे जपानी लेखक मुरामात्सु शोफू याने 1924 मध्ये शांघायवरच्या पुस्तकाला नाव दिले 'मातो', माराचे नगर. चिनी उच्चारात ते 'मोदू' झाले, आणि आजचे शांघायकर आपल्या शहराला हौसेने त्याच नावाने हाक मारतात.