शेंदूरजनाघाटची काळी व पांढरी

वऱ्हाडांत शेंदूरजना या नांवाचीं गांवें एकाहून अधिक आहेत. तिवसा तालुक्यांतील शेंदूरजना बाजार हें एक, मानोरा तालुक्यांतील शेंदूरजना आढाव हें दुसरें, व वरुड तालुक्यांतील शेंदूरजनाघाट हें तिसरें. ज्या कागदाचा माथा फाटून परगण्याचें नांव गेलें व नुसतें 'मौजे शेंदूरजना' उरलें, तो यांपैकीं कोणत्या गांवचा, हें अक्षरावरून ठरत नाहीं. अशा प्रसंगीं गांवच्या काळीपांढरीची साक्ष काढावी, असें आम्हांस वाटतें.

शेंदूरजनाघाट सातपुड्याच्या पायथ्याशीं वसलें आहे. उत्तरेस डोंगर, व त्यापलीकडे वर्धेच्या उगमाचा मुलताईचा मुलूख. नांवांतील 'घाट' या शब्दास हा शेजार अनुरूपच आहे. तेव्हां कागदांत डोंगराची शीव किंवा मुलताईकडील वाट आली असल्यास हें गांव प्रथम मनांत आणावें.

कालनिर्णय करतांना प्रांताचा इतिहास ध्यानीं धरावा. वऱ्हाडच्या वसुलांत निजाम व नागपूरकर भोसले हे दोघेही वांटेकरी होते. १८०३ च्या देवगांवच्या तहानें वर्धेच्या पश्चिमेकडील भोसल्यांचा बहुतेक अंमल उठला. १८५३ त प्रांताचा कारभार इंग्रजांकडे गेला. दक्षिणी फसली सनांत सुमारें ५९० मिळवावे लागतात, शुहूर सनांत ५९९. दोहोंची गल्लत झाल्यास कागद नऊ वर्षें सरतो, व तेवढ्यानें तहापूर्वींचा कागद तहानंतरचा ठरतो.

तिसरी साक्ष पिकाची. पऱ्हाटी, ज्वारी व तूर हीं येथील जुनीं पिकें. संत्रें मागाहूनचें. दुसऱ्या रघूजी भोसल्यांनीं अठराव्या शतकाच्या अखेरीस तें औरंगाबादेहून नागपुरास आणविलें, अशी परंपरा आहे. तेथून तें वऱ्हाडांत पसरलें. त्याहून जुन्या म्हणविणाऱ्या कागदांत संत्र्याची बाग आढळल्यास तो पुनः तपासावा. पुढें मोटेच्या ओलितावर बागा वाढल्या, आणि शेंदूरजनाघाट संत्र्याच्या कलमांबद्दल प्रसिद्धीस आलें. जंबेरीची पन्हेरी लावावयाची, तिच्यावर संत्र्याचा डोळा बांधावयाचा, व तयार कलम गांवोगांव धाडावयाचें, हा येथील उद्योग. बागाइतदाराचें वर्षही दोन बहरांवर चालतें. आंबिया बहर हिंवाळ्याच्या अखेरीस फुलतो, मृग पावसाच्या आरंभीं. दोहोंसाठीं झाडास आधीं पाण्याचा ताण द्यावा लागतो.

तें पाणीच आतां खोल गेलें आहे. वरुड तालुक्याची गणना भूजलाचा अतिउपसा झालेल्या प्रदेशांत होते. विहीर आटली कीं बाग तुटते, व बाग तुटली कीं तिचे कागद निरुपयोगी समजले जातात. विहिरीच्या वांट्याचे करार, पाण्याच्या पाळ्यांच्या याद्या, कलमांच्या विक्रीच्या वह्या यांस शिक्कामोर्तब नसतें. म्हणून सनदेस बासन मिळतें आणि वहीस रद्दीचा तराजू. परंतु सनद गांवचा धनी सांगते, गांव जगलें कसें हें वहीच सांगते.

यास्तव संग्राहक वाचकांस आमची विनंती आहे कीं, रुमाल हातीं आल्यास त्यांतील मोडी सनद तेवढी वेगळी काढूं नये. सर्व कागद एकत्र ठेवावे, व ते कोणत्या गांवीं मिळाले हें वर लिहून ठेवावें. तेवढ्या एका ओळीनें पुढील संशोधकास तीन शेंदूरजनांचा घोळ पडणार नाहीं.