टाक्यांची गोष्ट

बाळंतिणीचे टाके भरावेत म्हणून कुणी कोरफडीचा गर सुचवतं, कुणी जेल. पण मुळात कापतात का, हे आपण विचारत नाही.

१७४२ साली डब्लिनच्या फील्डिंग औल्ड यांनी हा छेद पुस्तकात लिहिला, तोही बाळ अडलं तरच. १९२० मध्ये शिकागोचे डॉक्टर जोसेफ डिली म्हणाले, पहिलटकरणीला आधीच छेद द्यावा. फाटण्यापेक्षा कापलेलं बरं भरतं, हा समज. बसता येईना, लघवीला आग. सोसलं मात्र बायकांनी!

१९९३ साली अर्जेंटिनातल्या २६०६ बायकांचा अभ्यास छापून आला. सरसकट कापलेल्यांच्याच जखमा भरताना जास्त अडचणी आल्या, त्याच जास्त उसवल्या. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनंही सांगितलं, सरसकट छेद नको. गरज असेल तेव्हाही बाईची संमती घ्यायची.

माझ्या पहिल्या बाळंतपणात मला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं.