जलसा आणि कलापथक



शंभर वर्षांपूर्वीच्या आपल्या भागातल्या एखाद्या गावची रात्र डोळ्यांपुढे आणा. सुगी आटोपली आहे. चावडीपुढच्या पटांगणात बत्ती लागली आहे आणि ढोलकीवर थाप पडली आहे. माणसं जमली आहेत तमाशा बघायला म्हणून. पण पुढं आलेला गडी राजाराणीची गोष्ट सांगत नाही. तो सावकाराच्या वहीविषयी बोलतो, मुलगी शाळेत का घालावी ते सांगतो, लग्नापायी कर्ज कशाला काढता असं विचारतो. लोक पोट धरून हसतात आणि घरी जाताना मात्र विचारात पडतात. हा सत्यशोधक जलसा.

जोतीराव फुले यांनी 24 सप्टेंबर 1873 रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला. त्यांचं मूळ घराणं सातारा जिल्ह्यातल्या कटगुणचं. टॉमस पेन या इंग्रज लेखकाचा मानवी हक्कांवरचा ग्रंथ त्यांनी तरुणपणीच, 1847 च्या सुमारास वाचला होता. फ्रान्समधल्या राज्यक्रांतीची बाजू मांडणारा हा ग्रंथ. स्वातंत्र्य आणि समता हे विचार असे समुद्र ओलांडून आपल्याकडे आले. पण ग्रंथ इंग्रजी आणि आपला शेतकरी निरक्षर. मग हा विचार बांधापर्यंत पोचायचा कसा?

जोतीरावांनी स्वतः पोवाडा लिहिला, अखंड रचले. त्यांच्यानंतरच्या कार्यकर्त्यांनी तमाशाची चौकटच उचलली. गण, गौळण, बतावणी आणि वग हा साचा तोच ठेवला, आत भरलेला माल मात्र नवा. जलशातले गडी बहुतेक शेतकऱ्यांचीच पोरं. त्यांना कोणत्या विद्यालयानं शिकवलं नव्हतं. ऐकून पाठ करायचं, मागं उभं राहून झील धरायची आणि समोरच्यानं उलटा प्रश्न केला तर तिथल्या तिथं उत्तर द्यायचं, हेच त्यांचं शिक्षण. बतावणी अशी असते की ती पाठ करून भागत नाही, डोकं चालवावंच लागतं. म्हणून ती करता करता बोलणाराही शहाणा होतो.

याच हवेत क्रांतिसिंह नाना पाटील वाढले. येडेमच्छिंद्र हे त्यांचं गाव, जन्म 1900 चा. 1942 च्या चळवळीतून सातारा जिल्ह्यात प्रतिसरकार उभं राहिलं आणि ते 1946 पर्यंत टिकलं. आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग तेव्हा साताऱ्यातच होता. 1949 साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि 1960 साली त्याला सांगली हे नाव मिळालं. प्रतिसरकारनं गावोगाव न्यायदानाची मंडळं चालवली, दारूबंदीचा आग्रह धरला, थोड्या खर्चातली ‘गांधी लग्नं’ लावली. हे सारं हुकमानं होण्यासारखं नव्हतं. गावाचं मन आधी तयार व्हावं लागतं. नाना पाटलांची गावरान बोलीतली भाषणं आणि शाहीर शंकरराव निकमांसारख्यांचे पोवाडे यांनी ती मशागत केली.

त्याच सुमारास, जून 1941 मध्ये, पुण्यात राष्ट्र सेवा दलाची घडण झाली. सेवा दलाची शिबिरं अनेकांनी पाहिली असतील. सकाळी श्रमदान, मग बौद्धिक, खेळ आणि संध्याकाळी गाणी. सगळ्या जातींची मुलंमुली एकत्र राबायची, एका पंगतीला बसायची. कलापथक निघालं ते यातूनच. आपल्या कऱ्हाडात जन्मलेले कवी वसंत बापट हे त्याचे एक आधारस्तंभ. पु. ल. देशपांडे यांनी ‘पुढारी पाहिजे’ हे लोकनाट्य या कलापथकासाठीच लिहिलं. निळू फुले यांच्यासारखा नट इथंच घडला. पंढरपूरचं विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींनी महाराष्ट्रभर दौरा केला, तेव्हा सेवा दलाचे कलावंत त्यांच्या सोबत होते. मे 1947 मध्ये गुरुजींच्या उपोषणानंतर मंदिराचे दरवाजे सर्वांना उघडण्याचा निर्णय झाला. वाटेगावच्या अण्णा भाऊ साठे यांनी अमर शेख आणि गवाणकर यांच्या जोडीनं लाल बावटा कलापथक चालवलं. त्यांचा पक्ष निराळा, पण डफ-तुणतुणं तेच.

आता बघा, या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. समतेवर व्याख्यान देऊन ती येत नाही, हे या मंडळींनी ओळखलं होतं. शेजारी उभं राहून ज्याच्या सुरात सूर मिळवला, त्याच्या हातचं पाणी नाकारायचं कसं? गाणं ऐकणाऱ्याला बदलेल तेव्हा बदलेल, गाणाऱ्याला मात्र ते आधी बदलतं.

पण इतिहास सांगायचा तर पुरता सांगावा. जलशांचा विनोद कधी कधी पद्धतीवरून घसरून माणसांवर जाई. 1919 ते 1921 च्या सुमारास साताऱ्यात कुळांच्या असंतोषाला वाचा फुटली, तशी काही ठिकाणी कटुताही वाढली. आणि 30 जानेवारी 1948 रोजी गांधीजींची हत्या झाल्यावर सातारा-सांगली भागात ब्राह्मणांची घरं जाळली गेली. ज्या मुलखानं दोन पिढ्या समतेची गाणी ऐकली, त्याच मुलखात हे घडलं. त्याला कारणं अनेक होती, सारा दोष गाण्यांच्या माथी मारणं न्यायाचं नाही. तरी कलेनं काम करणाऱ्यानं हा धडा विसरू नये. हसवणं सोपं, पण कुणाला हसायचं ते ठरवणं अवघड.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची शाळा सुरू झाली साताऱ्यात, 1900 साली. त्यांनी 3 ऑक्टोबर 1954 रोजी आकाशवाणीवर आपलं जीवनविषयक तत्त्वज्ञान सांगितलं. स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही त्रयी आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसनी घेतलेली नाही, बुद्धाच्या शिकवणीतून घेतली आहे, असं ते म्हणाले. त्यातही बंधुतेला त्यांनी सर्वांत वरचं स्थान दिलं, कारण कायदा मोडला तर स्वातंत्र्य आणि समता यांचं खरं रक्षण बंधुताच करते. 1948 ची राख आठवली की या बोलण्याचं मोल कळतं.

आज युरोपातही हाच खटाटोप चालतो. दोन महायुद्धांत होरपळलेल्या देशांनी 1949 साली युरोप परिषद स्थापली. 1972 साली स्ट्रासबर्गला तिचं युवक केंद्र निघालं. नाटक, चित्र, गाणं यांच्या साह्यानं लोकशाही आणि मानवी हक्क तरुणांत कसे रुजवावेत, हे युवक कार्यकर्त्यांना तिकडे शिकवलं जातं. आपल्याला ते ऐकून नवल वाटायला नको. आपल्या पटांगणात ही शाळा केव्हाच भरली होती.

गुरुजनहो, ती पुन्हा भरवायला पैसा फार लागत नाही. गावातली जुनी विहीर घ्या. इथं पूर्वी कोण पाणी भरत होतं आणि कोणाला मज्जाव होता, हे मुलांना घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारून यायला सांगा. त्यावर दहा मिनिटांची बतावणी मुलांनाच रचू द्या. एवढंच करा, की ज्याला मज्जाव झाला त्याचं सोंग ज्याला कधीच मज्जाव झाला नाही अशा घरच्या मुलाला द्या. आणि बतावणी संपली की लगेच घंटा देऊ नका, मुलांना थोडा वेळ बोलू द्या.