कचारगडची यात्रा

आमगांवाहून डोंगरगडकडे जाणारी आगगाडी सालेकसा सोडते, आणि भातखाचरें मागें पडून दरेकसाचे डोंगर सुरू होतात. या डोंगरांत कचारगडची विस्तीर्ण गुहा आहे. माघी पौर्णिमेच्या सुमारास मध्यप्रदेश, छत्तीसगड, तेलंगण अशा दूरदूरच्या प्रांतांतून लाखों गोंड स्त्रीपुरुष पायथ्याच्या धनेगांवीं जमतात. सप्तरंगी ध्वज उभारला जातो, ‘जय सेवा’ असें अभिवादन होतें. हा थाट पाहून यात्रा शेंकडों वर्षांची असावी असेंच कोणालाही वाटेल. वस्तुतः तिचा आरंभ १९८४ सालचा आहे.

यात्रा नवी, पण तिच्यामागील कथा जुनी. नागपुरांतील स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप याच्या संग्रहांत प्रधानाच्या तोंडून उतरून घेतलेलें लिंगोचें गोंडी गीत होतें. (प्रधान हे गोंडांचे परंपरागत गायक आणि वंशावळी सांगणारे.) १८६३ सालीं टाकळघाटचीं शिलावर्तुळें पाहून परततांना हिस्लॉप नाल्यांत बुडून मरण पावला. त्याचीं टिपणें रिचर्ड टेंपलनें १८६६ सालीं प्रसिद्ध केलीं, म्हणून तें गीत वांचलें. त्यांत महादेव गोंडांना गुहेंत कोंडतो आणि लिंगो त्यांना सोडवितो. मात्र ती गुहा धवलगिरीची. काचिकोपा लोहागड हें निसटलेल्या चौघांचें आश्रयस्थान म्हणून येतें.

रिझर्व्ह बँकेंत नोकरी करीत गोंडी भाषेचा व्यासंग करणारे नागपूरचे मोतीरावण कंगाली आणि ‘गोंडवाना दर्शन’ मासिकाचे संपादक सुन्हेरसिंह ताराम यांच्या मतें बंदिवासाची गुहा लोहागडाचीच, आणि तो लोहागड म्हणजे हाच कचारगड. १९८४ च्या माघी पौर्णिमेला ते मोजक्या सोबत्यांसह येथें आले. पुढील वर्षीं मंडळी वाढली, मग वाढतच गेली.

इतिहासाच्या कसोटीला हें समीकरण सिद्ध झालें असें म्हणवत नाहीं. नामसादृश्य हा पुरावा दुबळाच. पण ज्या समाजाची पूर्वकथा सरकारी छापखान्यांतून परभाषेंत निघाली, आणि ज्याच्या घरीं ती केवळ प्रधानांच्या कंठीं उरली, त्याला पाय ठेवावयास एक जागा हवी होती. ती त्यानें स्वतः ठरविली, हीही इतिहासांतील घटनाच होय.

कंगालींनीं सांगितलेल्या कथेंत एक प्रसंग असा आहे कीं, जो हिस्लॉपच्या गीतांत नाहीं. काली कंकालीचीं तेहतीस मुलें गुहेंत कोंडलेलीं. तोंडावर प्रचंड शिळा. लिंगोच्या सांगण्यावरून हिरासुका पाटालीर किंगरी छेडूं लागतो. त्या सुरांनीं मुलांच्या अंगीं बळ येतें, तीं शिळा ढकलून बाहेर पडतात. शिळा गडगडत खालीं येते, आणि किंगरीवाला तिच्याखालीं सांपडतो. यात्रेकरू गुहेपर्यंत चढून येतात, तेव्हां लिंगोबरोबर त्याचेंही नांव घेतात.