पऱ्हाटी-पाचटापासून इथेनॉल होतं कसं? अन् शेतकऱ्याच्या हाती काय?

ऊस तुटला की पाचटाला काडी लावायची अन् कापूस संपला की पऱ्हाटी पेटवायची, हे गावोगावी अजून सुरूच आहे. त्यातच ‘शेतातल्या कचऱ्यापासून इथेनॉल, टनाला इतका भाव’ असे मेसेज मोबाईलवर फिरतात. कचऱ्यापासून इथेनॉल होतं, हे खरं. पण मळीपासून होतं तितक्या सहज होत नाही.

आज पेट्रोलमध्ये मिसळलं जाणारं बहुतेक इथेनॉल मळी, उसाचा रस, मका आणि तांदूळ यांपासून तयार होतं. मळीत साखर मोकळीच असते. यीस्ट, म्हणजे पावाचं पीठ फुगवणारी तीच जात, ती साखर खाते आणि इथेनॉल सोडते. मक्यातल्या स्टार्चची साखर करायलाही फार त्रास पडत नाही.

पऱ्हाटीतही साखर आहे, पण ती सेल्युलोजच्या लांब साखळ्यांत बांधलेली असते. वरून लिग्निन नावाचा चिवट पदार्थ सिमेंटसारखा बसलेला असतो. माणसाला कडबा पचत नाही अन् गाईला पचतो, तो तिच्या पोटातल्या सूक्ष्मजीवांमुळे. कारखान्यात नेमकं हेच करावं लागतं.

तंबू खाणारी बुरशी

हरभऱ्याच्या मर रोगासाठी बियाण्याला ट्रायकोडर्मा चोळतात, ते शेतकऱ्यांना माहीत आहे. तिचीच एक बहीण म्हणजे ट्रायकोडर्मा रीसी. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकन सैन्याचे सुती तंबू कुजायला लागले, तेव्हा ही बुरशी सापडली. कापूस म्हणजे जवळपास शुद्ध सेल्युलोज. ही बुरशी जी विकरं (एन्झाइम) सोडते, ती सेल्युलोजच्या साखळ्या तोडून साखर मोकळी करतात. तंबूंचं नुकसान करणारी बुरशी आता इंधनाच्या कामाला लागली आहे.

कारखान्यात आधी काडी बारीक करून वाफ आणि सौम्य आम्लाने मऊ करतात. मग 50 अंशांच्या आसपास ही विकरं काम करतात आणि शेवटी यीस्टची पाळी येते. इथे एक अडचण आहे. काडीतल्या साखरेचा मोठा भाग झायलोज असतो आणि साधं यीस्ट त्याला तोंड लावत नाही. त्यासाठी खास बदल केलेलं यीस्ट लागतं. उरलेलं लिग्निन बॉयलरमध्ये जाळून वाफ करता येते.

पानिपतचा हिशेब

हरियाणात पानिपतला इंडियन ऑइलचा असा प्रकल्प 10 ऑगस्ट 2022 रोजी सुरू झाला. तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचं. खर्च 900 कोटींच्या वर. वर्षाला 2 लाख टन भाताचा पेंढा घेऊन 3 कोटी लिटर इथेनॉल काढायचं, असं त्याचं गणित. म्हणजे टनाला 150 लिटर. एक टन मक्यापासून 380 लिटरच्या आसपास निघतं. हा फरक पाहिला की काडीला मक्याचा भाव का मिळणार नाही, ते कळतं.

तरीही या वाटेला महत्त्व आहे. 7 डिसेंबर 2023 रोजी केंद्राने साखर कमी पडेल म्हणून उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधन घातलं आणि कारखान्यांची गणितं कोलमडली. काडीकचऱ्याच्या बाबतीत ताटातलं अन्न गाडीच्या टाकीत गेलं, असं कोणी म्हणू शकत नाही.

खरी अडचण वाहतुकीची. काडी हलकी, जागा खाणारी. ती निघते चार-सहा आठवड्यांत अन् कारखान्याला लागते वर्षभर. लांब नेली की भाडंच जास्त होतं. म्हणून काडी विकत घ्यायला कोणी आलं, तर गाठी बांधायचा आणि भरायचा खर्च कोणाचा, वजन ओल्याचं की वाळल्याचं, पैसे किती दिवसांत, हे आधी कागदावर घ्यावं.

जवळ प्रकल्प नसेल तर पाचट सरीतच कुजवलेलं बरं. ओल टिकते आणि सेंद्रिय कर्ब वाढतो. पऱ्हाटीचं मात्र वेगळं आहे. गिऱ्हाईक येईल म्हणून तिची गंजी बांधावर रचून ठेवली, तर किडक्या बोंडांतली गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामापर्यंत तिथेच मुक्काम करते. श्रेडरने बारीक करून ती लगेच शेतात गाडावी किंवा खतात घालावी.