सकळ लिपी ते पासवर्ड मॅनेजर : किल्ली कोणाजवळ?

१/ परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यात बोरी हे गाव आहे. 'शिशुपाळवध' आणि 'उद्धवगीता' रचणारे महानुभाव कवी भास्करभट्ट बोरीकर इथले मानले जातात. त्यांचा काळ चौदाव्या शतकाच्या आरंभीचा. तरीही त्यांच्या पंथाचे वाङ्मय विसाव्या शतकापर्यंत बहुसंख्य मराठी वाचकांना अपरिचित राहिले. पोथ्या मठांत सुरक्षित होत्या. त्यांना अक्षरांचे कुलूप होते.

२/ याच पंथाने मराठीचा आग्रह धरला होता. केशिराज संस्कृतात ग्रंथरचना करू पाहत होते, तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना अडवले. संस्कृतामुळे पंथातील म्हाताऱ्या बायाबापड्या ज्ञानाला मुकतील, हे त्यांचे कारण होते. सर्वांसाठी निवडलेली भाषाच पुढे मूठभरांच्या लिपीत बंद झाली.

३/ त्यामागे भयाचा इतिहास होता. म्हाइंभटांनी इ. स. १२७८च्या सुमारास चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करून 'लीळाचरित्र' सिद्ध केले. यादवसत्ता ढासळली आणि परंपरेनुसार 'खालशाच्या धाडीत' मूळ प्रत नाहीशी झाली. ज्यांना ग्रंथ मुखोद्गत होता, त्यांच्या स्मरणातून तो पुन्हा उभा करावा लागला. हिराइसा यांचा पाठ त्यांपैकीच एक. स्मृती हीच त्या काळची राखीव प्रत होती.

४/ चौदाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास सकळ लिपी प्रचारात आली. तिचे श्रेय रवळोबास यांना दिले जाते. पुढे सुंदरी, वज्र, अंक अशा आणखी सांकेतिक लिप्या निघाल्या. पाठात कोणी फेरफार करू नये आणि ग्रंथ अनधिकारी व्यक्तीच्या हाती पडू नये, हे दोन्ही हेतू सांगितले जातात.

५/ सकळ लिपीचे तत्त्व सोपे होते. एका अक्षराच्या जागी ठरलेले दुसरे अक्षर किंवा चिन्ह लिहायचे. अशा संकेतावर तोडही फार जुनी आहे. कोणते चिन्ह किती वेळा येते, हे मोजून मूळ अक्षर ओळखण्याची रीत नवव्या शतकात बगदादच्या अल्-किंदी यांनी लिहून ठेवली होती.

६/ याहून मोठी अडचण वेगळीच होती. एकदा ठरलेला संकेत बदलायचा, तर प्रत्येक पोथी नव्याने लिहावी लागणार. जाणकार पंथ सोडून गेला, तरी संकेत त्याच्याबरोबर जाणार. आणि जाणकारच उरले नाहीत, तर हाती कोरीव नक्षी तेवढी उरणार.

७/ अखेर विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीची उकल केली. वि. ल. भावे, य. खु. देशपांडे, ह. ना. नेने यांच्या परिश्रमांनी हे वाङ्मय प्रकाशात आले. मराठी गद्याचा आरंभकाळ त्यामुळे नव्याने लिहावा लागला. सहा शतकांच्या वाचकांचे नुकसान मात्र भरून निघाले नाही.

८/ इ. स. १८८३ मध्ये ऑगुस्त केरकॉफ्स यांनी एक सूत्र मांडले : पद्धत शत्रूला कळली तरी चालेल, किल्ली तेवढी गुप्त राहिली पाहिजे. १९६१च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटीच्या सामायिक संगणकावर पासवर्ड आले. पण सर्वांचे पासवर्ड एकाच फाइलमध्ये उघडे ठेवलेले होते. पुढच्याच वर्षी एका संशोधकाने ती फाइल छापून घेतली.

९/ पासवर्ड मॅनेजर हे त्यावरचे उत्तर. ब्रूस श्नायर यांचा 'पासवर्ड सेफ' १९९७चा. वापरकर्ता एकच मुख्य पासवर्ड लक्षात ठेवतो. त्यातून गणिताने किल्ली तयार होते आणि बाकीचे पासवर्ड त्या किल्लीने बंद केले जातात. चांगल्या रचनेत ती किल्ली कंपनीकडेही नसते. म्हणूनच मुख्य पासवर्ड विसरला आणि आधी काही सोय केलेली नसली, तर तिजोरी उघडत नाही.

१०/ व्यवसायासाठीच्या आवृत्तीत सकळ लिपीची उणीव भरून काढलेली आहे. ज्याला जेवढे लागते, तेवढेच त्याला उघडते. परभणीच्या मोंढ्यातील आडत दुकानाचा मुनीम काम सोडून गेला, तर त्याचा प्रवेश बंद करता येतो. त्याने पाहिलेले बँकेचे वा जीएसटीचे पासवर्ड मात्र बदलावेच लागतात. माहीत झालेले परत घेता येत नाही.

११/ बोरीच्या कवीच्या पंथाने एक धडा मागे ठेवला आहे. ग्रंथाला चोरापासून जपावे लागते, तसेच विस्मरणापासूनही. घरातील एकाच्याच डोक्यात सारे पासवर्ड असतील, तर त्याच्या पश्चात ते घर मठातल्या बंद पोथीसारखे होते. मुख्य पासवर्ड कागदावर लिहून, पाकीट बंद करून, विश्वासू माणसाच्या हाती ठेवणे ही आजची मौखिक परंपरा आहे. कुलूप घालतानाच किल्लीचा वारस ठरवावा लागतो.